हरणाच्या नळीची मूठ: हाताने सुरी घडवण्याची सविस्तर कृती

नोव्हेंबरात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणं मारण्याचा हंगाम उघडतो. थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. मांस घरोघरच्या फ्रीझरमध्ये जातं, कातडं कुणी कमावायला देतं, शिंगं भिंतीवर चढतात. गुडघ्याखालचे चारही पाय मात्र बहुतेक ठिकाणी टाकून देतात. त्या पायांत खुराच्या वर जी सरळ, लांब नळी असते, तिच्याइतकं घट्ट आणि देखणं हाड त्या जनावरात दुसरं नसेल. एका नळीत एका सुरीची मूठ आरामात निघते. इथे स्थायिक झाल्यावर मी शेजारच्या शेतकरी आजोबांकडून हे काम शिकलो. ते हंगाम संपला की आसपासच्या शिकाऱ्यांकडून पाय गोळा करून आणतात. मारलेल्या जनावराचं काहीही वाया जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा आग्रह मला पूर्ण पटतो.

आधीच एक सांगून ठेवतो. पातं दोन-तीन दिवसांत तयार होतं, हाड तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात. मूठ तडकली, हलायला लागली किंवा तिला वास यायला लागला, तर दहातल्या नऊ वेळा कारण एकच असतं: हाडाला पुरेसा वेळ दिलेला नसतो. म्हणून काम हाडापासून सुरू करा, पात्यापासून नाही.

कायदा आणि आजार

भारतात राहणाऱ्यांनी हे नीट वाचावं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार चितळ, सांबर, भेकर, रानडुक्कर अशा संरक्षित प्राण्यांची शिकार गुन्हा आहे. जंगलात मरून पडलेल्या जनावराचं हाड किंवा शिंगही घरी आणायचं नाही, ती सरकारी मालमत्ता असते. शेफील्डच्या नामांकित सुऱ्यांना एके काळी आपल्याकडच्या सांबरशिंगाच्या मुठी बसत, पण तो काळ गेला. महाराष्ट्रात हे काम करायचं असेल तर खाटकाकडे जा. बोकडाचे पाये घेताना नळी न तोडता अखंड द्यायला सांगा, त्यात छोट्या सुरीची मूठ होते. मोठ्या सुरीसाठी म्हशीच्या मांडीचं हाड उत्तम. खाली दिलेली कृती दोन्हींना लागू पडते. अमेरिकेत केलेली हरणाच्या हाडाची सुरी मात्र सुट्टीला येताना भारतात आणू नका. विमानतळावर ते हाड कुठल्या हरणाचं आणि कायदेशीर शिकारीचं, हे सिद्ध करत बसावं लागेल.

अमेरिकेत शिकारीचा परवाना आणि टॅग (मारलेल्या हरणासाठीची चिठ्ठी) लागतोच, शिवाय विस्कॉन्सिनमध्ये मारलेल्या हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते. दुसऱ्याने मारलेल्या हरणाचे पाय घेत असाल तर ही नोंद झाली आहे ना, हे विचारून घ्या.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज', म्हणजे सीडब्ल्यूडी. हा हरणांच्या मेंदूचा जीवघेणा आजार कोलोरॅडोत १९६७ मध्ये पहिल्यांदा दिसला आणि विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये सापडला. तो प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनांमुळे होतो आणि प्रायॉन उकळून मरत नाहीत. माणसाला तो झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही. तरीही हाड कापताना आणि घासताना बारीक धूळ उडते, त्यामुळे इथे धोका पत्करण्यात अर्थ नाही. हरणाचा नमुना तपासणीला द्या (विस्कॉन्सिनमध्ये ही तपासणी मोफत होते) आणि निकाल येईपर्यंत पाय फ्रीझरमध्ये ठेवा. निकाल वाईट आला तर सगळं फेकून द्या. निकाल चांगला असला तरी कवटी आणि पाठीचा कणा करवतीने कापू नका. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हाडं नेण्यावरही बऱ्याच ठिकाणी बंधनं आहेत, तेव्हा आधी दोन्ही राज्यांचे नियम पाहा.

हाड निवडणं आणि साफ करणं

मागच्या पायाची नळी पुढच्या पायापेक्षा लांब असते. तिच्या समोरच्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक खोल पन्हळ असते. सुरी हातात धरली की बोटाचं टोक या पन्हळीत नेमकं विसावतं, म्हणून मी नेहमी मागचाच पाय निवडतो. रानात पडून उन्हाने पांढरं झालेलं किंवा कुत्र्याने चावलेलं हाड घेऊ नका. त्यात बारीक चिरा असतात आणि त्या पॉलिश केल्यावरच दिसतात.

कातडं सोलून काढा. नळीच्या मागे आणि पुढे दोरीसारखे पांढरे स्नायुबंध असतात, ते सुरीने अलगद सोडवून वाळत टाका, पुढे म्यान शिवायला उपयोगी पडतात. उरलेलं मांस आणि हाडावरची पातळ साल सुरीच्या पाठीने खरवडा. धार वापरलीत तर हाडावर ओरखडे उठतात. मग लोखंड कापायच्या करवतीने दोन्ही टोकांच्या गाठी कापून टाका. मूठ दहा-अकरा सेंटिमीटरची होणार असली तरी आत्ता दोन्हीकडे दोन-दोन सेंटिमीटर जास्त ठेवा, कारण वाळताना चीर पडली तर ती टोकालाच पडते. कापलेल्या तोंडातून आत पाहिलंत तर मध्ये हाडाचा पातळ पडदा दिसेल. हरणाची ही नळी मुळात दोन हाडं जुळून बनलेली असते, त्या जोडाची ही खूण. जाड तार आत घालून मगज पूर्ण काढा.

आता चरबी. हाड गार पाण्यात भांडी घासायचा लिक्विड साबण टाकून भिजत घाला आणि पाणी रोज बदला. चार-पाच दिवसांनी पाणी स्वच्छ राहायला लागतं. मग मोठ्या पातेल्यात मंद आचेवर दोन-तीन तास ठेवा. पाणी खळखळ उकळता कामा नये, वाफ निघत राहील इतपतच आच ठेवा. प्रेशर कुकर तर चुकूनही लावू नका. पायाचा रस्सा शिजवताना ज्या चिकटपणासाठी आपण शिट्ट्यांवर शिट्ट्या काढतो, तो चिकटपणा म्हणजे हाडातलं कोलॅजनच विरघळून बाहेर आलेलं असतं. हाडातल्या खनिजामुळे त्याला कडकपणा येतो आणि कोलॅजनमुळे चिवटपणा. कोलॅजन रश्श्यात उतरलं की हाताशी उरतं ते खडूसारखं ठिसूळ हाड, आणि त्याची मूठ एका आपटण्यात फुटते.

यानंतर पुन्हा साबणाच्या कोमट पाण्यात आठवडा-दोन आठवडे. घाई करावीशी वाटेल, करू नका. आत राहिलेली चरबी पुढे पिवळे डाग बनून वर येते आणि एपॉक्सीला (मूठ चिकटवायच्या दोन भागांच्या गोंदाला) धरू देत नाही. हाड पांढरं हवं असेल तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये एक-दोन दिवस बुडवा. कपड्यांचं ब्लीच वापरू नका, त्यातलं क्लोरीन कोलॅजन खातं. मला स्वतःला हस्तिदंतासारखा किंचित पिवळसर रंगच आवडतो, म्हणून पेरॉक्साइड मी जपून वापरतो.

वाळवायचं सावलीत. इथल्या हिवाळ्यात घरात हीटर चालू असतो, हवा कोरडी ठाक असते, आणि उघड्यावर ठेवलेलं हाड वरून वाळतं पण आतून ओलंच राहतं. मग चीर पडते. हाड कागदी पिशवीत घालून खोक्यात, हीटरपासून लांब ठेवा. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन करून हाडावरच पेन्सिलीने लिहा. लागोपाठ दोन आठवडे वजन तेच भरलं की हाड वाळलं. कॅलेंडरपेक्षा काट्यावर विश्वास ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात तर हे काम सुरूच करू नका, दिवाळीनंतर करा.

पातं

पहिल्या सुरीसाठी १०८४ हे पोलाद घ्या. त्यात सुमारे ०.८४ टक्के कार्बन असतं आणि घरच्या छोट्या भट्टीवरही त्याला नीट पाणी देता येतं, म्हणजे तापवून एकदम गार करून कडक करता येतं. महाराष्ट्रातला लोहार तुम्हाला गाडीचा जुना कमानपाटा देईल. तोही चांगला असतो, मात्र वर्षानुवर्षं भार सोसलेल्या पाट्यात न दिसणाऱ्या चिरा असू शकतात.

पट्टी तीन मिलिमीटर जाडीची. आधी पुठ्ठ्यावर आकार काढून कापा आणि तो हातात धरून पाहा. पातं नऊ सेंटिमीटर पुरे. हरण सोलायला आणि स्वयंपाकघरातही हीच लांबी सोयीची. मागे मुठीत जाणारी शेपटी, जिला इथले कारागीर टँग म्हणतात, ती आठ-नऊ सेंटिमीटर लांब, पात्यापाशी आठ मिलिमीटर रुंद आणि टोकाकडे पाचपर्यंत निमुळती. पातं आणि शेपटी जिथे मिळतात तो कोपरा काटकोनात कापू नका, गोल कानशीने गोलसर ठेवा. सगळा ताण त्या कोपऱ्यावर येतो आणि टोकदार कोपरा पाणी देतानाच तडकतो. शेपटीच्या दोन्ही कडांना चार-पाच खाचा घ्या, एपॉक्सी त्यांत घट्ट बसेल.

आकार करवतीने कापून कानशीने धारेकडे उतार काढा. धारेची कड आत्ताच पातळ करायची नाही, निदान अर्धा मिलिमीटर जाड ठेवा. पातळ कड भट्टीत वाकडी होते. ज्यांच्याकडे बेल्ट ग्राइंडर आहे त्यांचं काम लवकर होईल, पण पहिलं पातं कानशीवर केलंत तर उताराची समज हातात बसते.

पाणी द्यायचं काम उघड्यावर, अंधारलेल्या वेळी करा, म्हणजे पोलादाचा रंग नीट दिसतो. पातं सगळीकडे सारखं तापवा आणि मधूनमधून लोहचुंबक लावून पाहा. ७७० अंश सेल्सियसच्या आसपास चुंबक चिकटायचा थांबतो. त्यापुढे रंग आणखी थोडा उजळू द्या, म्हणजे साधारण ८१५ अंश. मग एका दमात, टोक खाली ठेवून, पन्नास-साठ अंशांपर्यंत कोमट केलेल्या कॅनोला तेलात बुडवा. वर-खाली हलवा, आडवं हलवू नका, आडवं हलवलं की पातं वाकतं. याला पाणी देणं म्हणत असलो तरी १०८४ प्रत्यक्ष पाण्यात बुडवू नका, तडकेल. तेलाचा डबा लोखंडी, उभा, झाकणाचा हवा. तेल पेटलं तर झाकण टाकायचं, पाणी नाही.

गार झालेल्या पात्यावर कानस फिरवा. ती काचेवरून घसरावी तशी घसरली की पाणी बसलं. आता पातं इतकं ठिसूळ असतं की हातातून पडलं तर तुटेल, म्हणून तासाभराच्या आत टेंपर करायला, म्हणजे मंद तापवून ठिसूळपणा घालवायला घ्या. ओव्हन २०० अंशांवर, दोन तास, मग गार करून पुन्हा दोन तास. ओव्हनच्या बटणावर भरवसा नको, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. घासून चकचकीत केलेल्या जागेवर गव्हाच्या काडीसारखा पिवळसर रंग चढला की पातं तयार. शेवटी पातं ओल्या फडक्यात गुंडाळून फक्त शेपटी गॅस टॉर्चने निळी होईपर्यंत तापवा. शेपटी नरम आणि चिवट हवी, तिला धार धरायची नसते.

मूठ बसवणं

खरी परीक्षा इथे आहे. आधी हाड हव्या त्या लांबीला कापा. कापलेलं तोंड सपाट करायला काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, थोडं पाणी घाला आणि हाड उभं धरून गोल गोल फिरवा. हाडावर करवत, ड्रिल किंवा पॉलिश पेपर चालवताना एन९५ मास्क लावायचाच, आणि जमेल तितकं घासकाम ओल्यानेच करायचं. कोरडं, जोरात घासलंत तर जळक्या केसांचा वास येतो. तो आला की थांबा, हाड तापलं आहे.

आतला पडदा ड्रिलने काढा, पोकळीची भिंत गोल कानशीने खरबरीत करा आणि अॅसिटोनने पुसून घ्या. हरणाच्या नळीची भिंत जेमतेम तीन-चार मिलिमीटर असते, म्हणून ड्रिलचा वेग कमी ठेवा आणि दाब देऊ नका.

पातं आणि हाड यांच्यामध्ये पाच-सहा मिलिमीटर जाडीचा पितळी तुकडा हवा. तो हाडाचं उघडं तोंड झाकतो आणि पात्याचा धक्का स्वतःवर घेतो. त्यात ओळीने तीन बारीक भोकं पाडा आणि चपट्या कानशीने ती जोडून खाच करा. शेपटी घालून पाहा, काढा, जिथे घासल्याची चमक दिसते तेवढंच कानशीने काढा, पुन्हा घाला. शेवटी दिव्यासमोर धरा. पातं आणि पितळ यांच्या फटीतून उजेड दिसत असेल तर काम अजून बाकी आहे. या एका खाचेला अख्खी संध्याकाळ गेली तरी जाऊ द्या, तयार सुरीकडे पाहणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. पितळ आणि हाड यांच्यामध्ये चामड्याची पातळ चकती घातली तर हवामानाप्रमाणे हाड किंचित आकसलं-फुगलं तरी ती ते सामावून घेते.

पोकळी नुसत्या एपॉक्सीने भरू नका. एपॉक्सी घट्ट होताना तापतं, आणि एका ठिकाणी जास्त असेल तर इतकं तापतं की हाड तडकू शकतं. मी मेपलच्या लाकडाची गुल्ली पोकळीच्या मापाने घासून घेतो, मधोमध उभी चिरतो आणि दोन्ही भागांच्या आतून शेपटीपुरती जागा कोरतो. मग एपॉक्सी फक्त सांधे भरायलाच लागतं. भारतात असाल तर सागाचा तुकडा घ्या, पण तो तेलकट असतो, तेव्हा अॅसिटोनने पुसूनच वापरा.

चिकटवण्याआधी सगळं कोरडंच जोडून पाहा. पातं मुठीच्या सरळ रेषेत आहे ना, पन्हळ हव्या त्या बाजूला आहे ना, हे आत्ताच ठरतं. पात्याला पुठ्ठा गुंडाळून टेप लावा. एपॉक्सी हळू सुकणारं घ्या, अरल्डाइटसारखं, पाच मिनिटांत सुकणारं नको. दोन्ही भाग नीट मोजून मिसळा, शेपटीच्या खाचांत भरा, गुल्लीला लावा, हाडात घाला, आणि बारीक तार वर-खाली करून हवेचे बुडबुडे काढा. बाहेर आलेलं एपॉक्सी लगेच अॅसिटोनच्या फडक्याने पुसा. मूठ वर, टोक खाली अशा स्थितीत लाकडी जबड्यांच्या व्हाइसमध्ये उभी ठेवून चोवीस तास हात लावू नका. मागचं तोंड पितळी किंवा लाकडी टोपीने बंद करा.

आरपार पिन घालावी का? म्हशीच्या किंवा एल्कच्या (अमेरिकेतल्या मोठ्या हरणाच्या) जाड हाडात जरूर घाला, तीन मिलिमीटरची पितळी. शेपटीतलं भोक मात्र पाणी देण्याआधीच पाडून ठेवावं लागतं. हाडातलं भोक पिनपेक्षा केसभर मोठं करा, आणि पिनचं डोकं हातोडीने ठोकून पसरवू नका, हाड उभं चिरेल. हरणाच्या नळीत मी पिन घालत नाही. पातळ भिंतीला भोक पाडून कमजोर करण्यापेक्षा खाचा आणि एपॉक्सी यांवर ही मूठ चांगली टिकते.

घासणं, धार, निगा

१२० पासून सुरुवात करून २२०, ४००, ६००, १००० असं ओल्याने घासत जा. पितळ आणि हाड एकत्रच घासा, म्हणजे दोघांची पातळी एक होते. हाडाची मूळ गोलाई आणि पन्हळ शक्य तितकी राहू द्या. जास्त आकार द्यायला गेलात तर भिंत पातळ होऊन आतलं लाकूड दिसायला लागतं. रंग हवा असेल तर पितळी तुकडा आणि टोपी लावण्याआधीच नळी कडक, कोऱ्या, गार झालेल्या चहात रात्रभर ठेवा आणि पुन्हा नीट वाळवा. तपकिरी छटा येते आणि हाडातल्या बारीक रेषा उठून दिसतात. शेवटी मधमाश्यांचं मेण कोमट करून फडक्याने चोळा.

धार सगळ्यात शेवटी. १००० नंबरच्या दगडावर दोन्ही बाजूंनी साधारण वीस अंशांत, कडेवर बोटाला बारीकशी खरखर जाणवेपर्यंत, मग ४००० वर, मग चामड्याच्या पट्ट्यावर. वर्तमानपत्राचा कागद वरून खाली सरळ कापला गेला पाहिजे, कुठेही अडकता कामा नये.

ही सुरी डिशवॉशरमध्ये कधीच घालायची नाही, सिंकमध्ये भिजत ठेवायची नाही. काम झालं की लगेच धुऊन, कोरडी करून पात्याला शेंगदाण्याऐवजी खनिज तेलाचा हात लावायचा, कारण खाण्याचं तेल चिकट होऊन बसतं. वर्षातून दोनदा मुठीला मेण. चामड्याचं म्यान बाळगायला ठीक, पण कपाटात ठेवताना सुरी म्यानातून काढून ठेवा. चामडं ओल धरतं आणि १०८४ ला गंज लवकर चढतो. थोड्या दिवसांत पात्यावर करडी-निळसर झाक येईल. ती घासून काढू नका, गंजापासून ती पात्याला थोडंफार वाचवते.